दर्यावर्दी व्यापाऱ्यांची पांढरी घरं

(गेल्या अंकात मी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या सँ-मालो बंदराभोवतीच्या 'मालुइनिएर' घरांविषयी लिहिलं होतं. जहाजमालक व्यापाऱ्यांनी सतराव्या-अठराव्या शतकात बंदराबाहेरच्या खेड्यांत बांधलेली ही घरं. पत्रं बरीच आली. त्यातल्या चारांना उत्तरं देते.)

प्रश्न : ताई, मुलीकडे रेनला गेलो होतो तेव्हा ही घरं रस्त्यावरून पाहिली. मालक एवढे गडगंज, मग घरं इतकी साधी का? आपल्या वाड्यांना निदान लाकडी नक्षी तरी असते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता. १९८६ सालचा नोव्हेंबर होता, मी विद्यार्थिनी होते आणि सँ-कुलों गावाजवळच्या 'ला व्हिल बाग'समोर पावसात वही छत्रीखाली धरून उभी होते. १७१५ मध्ये गियोम एऑं या जहाजमालकाने बांधलेलं हे घर. त्या दिवशीच्या पानावर फक्त धुराडी आहेत. काढण्यासारखं दुसरं काही दिसलंच नाही! दुपारी पाऊस थांबला, भिंतीवर ऊन पडलं, आणि मग खिडक्यांची मापं दिसायला लागली.

साधेपणाचं पहिलं कारण दगड. खिडक्यांच्या चौकटी, घराचे कोपरे, मजल्यामजल्यांमधले पट्टे ग्रॅनाइटचे असतात, आणि त्यातला पुष्कळसा शोझे बेटांवरून होडीने आणलेला. हा दगड छिन्नीला सहजी दाद देत नाही. त्यात वेलबुट्टी कोरणं म्हणजे वर्षं घालवणं. म्हणून घडीव दगड लागेल तेवढाच वापरायचा, मधली भिंत ओबडधोबड दगडांची रचायची आणि तिला चुन्याचा पांढरा गिलावा द्यायचा. करड्या रेघांत बांधलेला तो पांढरा रंग हीच त्या घराची नक्षी.

दुसरं कारण त्या काळाचं. इंग्रज आरमाराने १६९३ आणि १६९५ मध्ये सँ-मालोवर हल्ले केले. राजाचे लष्करी अभियंते तिथे तटबंदी उभारत होते, त्यात राजाचा किल्लेबांधणीतला मुख्य अभियंता व्होबाँ, त्याच्या हाताखालचा सिमेओं गारांजो प्रमुख. तटाची ती सरळ, मोजूनमापून बांधलेली शिस्त घरांतही उतरली. दरवाजा बरोबर मध्यावर, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या, वर पाटीच्या दगडाचं उभ्या उताराचं छप्पर आणि टोकांना उंच धुराडी. जुन्या घरांची पुढून मागे रुंदी बहुधा एकाच दालनाएवढी, म्हणजे दिवाणखान्याला पुढूनही खिडक्या आणि मागूनही. अशा खोलीत मी सकाळी दहाला उभी राहिले आहे. जमिनीवर दोन्ही बाजूंनी उजेड येतो. कुठलीही नक्षी मी त्या उजेडावरून ओवाळून टाकीन.

प्रश्न : ही छपरं जहाज बांधणाऱ्या सुतारांनी केली, हे खरं का?
— एक वाचक, वसई

उत्तर : सरसकट तसं म्हणता येणार नाही. पण राँस नदीच्या काठी 'मोंमारँ' आहे, ते पाहून असं वाटणारच. मागों घराण्यातल्या जहाजमालकाने ते १७६० च्या सुमारास बांधलं. त्याचं छप्पर वाकदार आहे, अगदी उपडं घातलेलं जहाज! शहराजवळच्या घरांपेक्षा हे नटवं आहे, नदीकडे तोंड करून बसलेलं, आणि बाग पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरते. पुढे याच आवारात जहाजंही बांधली गेली. एकच घर पाहायला वेळ असेल तर लोक मोंमारँ सुचवतात. मी ला व्हिल बाग सुचवेन.

प्रश्न : एवढा पैसा आला कुठून? भारताशी काही संबंध होता का?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : होता. पण सगळ्यात मोठा लोट पेरू देशातल्या चांदीचा. १६९८ नंतर सँ-मालोची जहाजं दक्षिण अमेरिकेला वळसा घालून पॅसिफिक किनाऱ्यावर जाऊ लागली. बहुतेक सुंदर घरं त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतली आहेत, हा योगायोग नव्हे. ला व्हिल बागच्या दिवाणखान्यात नंतर, १८२० च्या सुमारास छापलेला भिंतकागद आहे, त्यावर इंकांच्या देशात, म्हणजे पेरूतच, स्पॅनिश लोक उतरल्याचा देखावा आहे. कागद लावणाऱ्याच्या मनात काय होतं कोण जाणे, पण मला तो घराचा जमाखर्च वाटतो.

याखेरीज न्यूफाउंडलंडचा खारवलेला कॉड मासा, येमेनमधल्या मोखा बंदराची कॉफी, आणि १७१९ पर्यंतची काही वर्षं हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता. आपलं सुती कापड त्या बंदरात उतरत होतं. १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा फ्रेंच आरमारी अधिकारी ला बूर्दोने हाही सँ-मालोचाच. शत्रूची जहाजं लुटण्याचा राजाचा परवाना होता, तीही कमाई. आणि माणसं विकण्याचा धंदाही या बंदरातून चाले. मार्गदर्शक बागेत रमतात आणि हे सांगायचं राहतं. घराचं कौतुक करणाऱ्यानेच ते सांगावं असं मला वाटतं, म्हणून लिहिते.

प्रश्न : आमचं गुहागरचं घर चुन्यातलं आहे. गिलावा पडतोय. ठेकेदार सिमेंट लावा म्हणतो. त्या फ्रेंच घरांचा गिलावा इतका कसा टिकला?
— एक वाचक

उत्तर : टिकला कारण तो पुन्हा पुन्हा केला गेला. तिथेही समुद्राचा खारा वारा आणि पाऊस आहेच. चुन्यातून भिंतीतला ओलावा बाहेर पडतो, सिमेंट तो आत कोंडतं. आमच्या आजोळच्या घराला वीस वर्षांपूर्वी सिमेंट लावलं आणि चार पावसाळ्यांत आतल्या भिंतीला मीठ फुटलं. मी तेव्हा परगावी होते, अडवू शकले नाही, त्याची रुखरुख अजून आहे. तुम्ही चुनाच लावा. सुटलेला गिलावा खरवडून दगड उघडा करा, सांधे आधी चुन्यानेच भरा, आणि चुना पातळ थरांत द्या. पहिला थर धरल्याशिवाय दुसरा देऊ नका. दिवाळीनंतर काम काढा म्हणजे भिंत आधी सुकलेली असेल, आणि उन्हाच्या बाजूला ओली गोणपाटं टांगा. वरून प्लॅस्टिक रंग मात्र नको, चुन्याचीच सफेदी द्या.