पार्किंगची पावती घेतली, तरी गाडी उचलली

प्रश्न : मी बुधगावची. बहिणीच्या लग्नाचा बस्ता काढायला आम्ही सांगलीत कापड पेठेत आलो होतो. रस्त्याकडेला स्कूटी लावली तोच एकाने येऊन वीस रुपये घेतले आणि पावती फाडून दिली. दोन तासांनी परत आलो तर स्कूटी वाहतूक पोलिसांनी उचलून नेलेली. त्या तारखेला त्या बाजूला पार्किंग नव्हतं. सम-विषमचा फलक पुढच्या कोपऱ्यावर होता, आमच्या नजरेला पडला नाही. पाचशे रुपये दंड आणि गाडी उचलल्याचे पैसे भरून स्कूटी सोडवली. पावती दाखवली तर 'ही आमची नाही' म्हणाले. पावतीवर फक्त 'पार्किंग रु. 20' एवढंच छापलंय, ना नाव ना शिक्का. दंड परत मिळेल का? आणि मी वीस रुपये दिले ते कशाचे?

उत्तर : ताई, दंडाचं आधी सांगतो, कारण तिथे मला तुम्हाला फारशी आशा दाखवता येत नाही. तुम्ही जागेवर भरलेली रक्कम ही मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खालची तडजोड रक्कम. ती भरली की प्रकरण तिथेच मिटतं. पाचशेचा आकडाही बरोबर आहे. कलम 177 खाली पहिल्या वेळेस तेवढाच दंड आहे, पुन्हा तीच चूक झाली तर दीड हजारांपर्यंत.

भरण्याआधी विचारलं असतं, तर मी चलन अमान्य करून न्यायालयात जाता येतं असं सांगितलं असतं. कलम 127 प्रमाणे पार्किंगला कायद्याने मनाई असलेल्या जागेवरूनच गाडी अशी उचलता येते, आणि तीही त्या हद्दीतल्या गणवेशातल्या पोलिसाने सांगितल्यावर. गाड्या उचलणाऱ्या टेम्पोवरच्या मुलांना स्वतःहून तो अधिकार नाही. मनाईसाठी सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि तो फलक लावून लोकांना कळवावा लागतो. पण तुम्ही स्वतःच लिहिता की फलक होता. 'फलक नव्हताच' आणि 'फलक दिसला नाही' यांत न्यायालय फार फरक करतं. तुमची बाजू तिथे लंगडी पडली असती.

वीस रुपयांचं मात्र मी सोडून द्या म्हणणार नाही. रस्ता सार्वजनिक आहे. तिथे गाडी लावल्याबद्दल पैसे मागणाऱ्याच्या पाठीशी कायदा असावा लागतो. अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये हे स्पष्ट केलं : शुल्क घ्यायचं तर कायद्याने तसा उघड अधिकार दिलेला हवा, तो गृहीत धरून चालत नाही. तिथे तर शुल्क घेणारी संस्था सरकारी होती! मग रस्त्यावर उभं राहून पावतीपुस्तक फाडणाऱ्या माणसाची काय कथा? महापालिका पार्किंगचा ठेका देऊ शकते, पण त्या ठेक्याला दर असतो, मुदत असते आणि हद्द असते. यातलं काहीच तुमच्या पावतीवर दिसत नाही, म्हणून माझा संशय बळावतो.

तो ठेकेदार आहे का, हे आधी शोधायचं. महापालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, म्हणून तक्रार त्यात मांडू नका. फक्त एवढं मागा : अमुक तारखेला या रस्त्यावर पार्किंग शुल्क वसुलीचा ठेका कोणाला होता, त्या कराराची व मंजूर दराची प्रत, आणि ठेक्याची हद्द दाखवणारा नकाशा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा.

ठेका होता असं कळलं, तर मनाई असलेल्या जागेचे पैसे घेऊन त्याने तुम्हाला तिथे गाडी लावू दिली, ही सेवेतली त्रुटी ठरते. तुमचा दंड आणि गाडी उचलल्याचा खर्च त्याच्याकडून मागता येतो. सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करा. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि वकीलही लावावा लागत नाही. सोबत महापालिकेला लेखी कळवा, कारण ठेकेदाराला जाब तीच विचारू शकते. ठेकाच नव्हता असं उत्तर आलं, तर ही फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 त्यासाठीच आहे. माहिती अधिकाराचं उत्तर जोडून पोलिसांत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वीस रुपयांसाठी एवढं कशाला, असं घरचे म्हणतील. पण लग्नसराईत त्या रस्त्यावर दिवसाला किती गाड्या लागतात ते तुम्ही पाहिलंच आहे.

स्कूटी चोरीला गेली असती तर काय, हेही लोक विचारतात. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हॉटेलला चोरीला गेलेल्या गाडीबद्दल जबाबदार धरलं. 'मालकाच्या जबाबदारीवर' हे पावतीवरचं वाक्य हॉटेलच्या निष्काळजीपणाला पांघरूण घालू शकलं नाही. मात्र तिथे गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती. तुमची किल्ली तुमच्याच पर्समध्ये होती, त्यामुळे ती लढाई अवघड झाली असती.

पावती जपा. आजच तिची झेरॉक्स काढून त्यावर तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. दंडाच्या पावतीचीही काढा. बरोबर आलेल्या बहिणीची साक्ष पुढे उपयोगी पडेल.