जगातलं सगळ्यात लहान कासव कोणतं? ते घरी पाळता येईल का?

नाव हवं असेल तर स्पेकल्ड पॅडलोपर. नर ६ ते ८ सेंटीमीटर, मादी जेमतेम १० पर्यंत. दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य टोकाला नामाक्वालँड आणि त्याच्या आसपासचा कोरडा खडकाळ भाग सोडला तर जगात कुठेच नाही. आणि पाळायचं म्हणाल तर नाही. जरा चिडूनच लिहितोय, कारण हाच प्रश्न आमच्या साडूभाऊंनी ते कासव हातात धरून मला विचारला होता.

मी केपटाऊनला नोकरीला असताना ही मंडळी फिरायला आली होती, ऑगस्टमध्ये तिकडे माळावर फुलंच फुलं असतात म्हणून सगळ्यांना नामाक्वालँडातल्या स्प्रिंगबोक गावाला घेऊन गेलो. कातळावर डबे उघडून बसलो तर बायको म्हणाली, अहो तो दगड चालतोय. नारिंगी तपकिरी पाठ, त्यावर काळे ठिपके, थांबलं की शेजारच्या खडकात गायब. एका बारक्या झुडपाचं रसाळ पान कुरतडत होतं, आमची चाहूल लागताच फटीकडे निघालं. तिथे शिरलं असतं तर अंग चपटं असल्यामुळे असं घट्ट बसतं की काढता येत नाही, पण साडूभाऊंनी मधेच उचललं. "हे तर शर्टाच्या खिशात मावतंय, नाशिकला नेऊ या, घरात लक्ष्मी येते!" तेवढ्यात ते त्यांच्या हातावर मुतलं. बायका हसून हसून लोळल्या, पण कोरड्या भागातलं कासव घाबरलं की असंच साठवलेलं पाणी सोडतं आणि मग उन्हाळ्यात त्याचे हाल होतात. मी त्यांना ते परत फटीपाशी ठेवायला लावलं, त्याचा राग अजून आहे.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात एकच पालुपद, "लोक पाळतात म्हणून तर प्राणी वाचतात." कसले वाचतात? मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही इतकं मोठं की एक्स-रेत कमरेच्या हाडांमधल्या वाटेपेक्षा रुंद दिसतं, ते बाहेर पडायला कवचाचा मागचा भाग थोडा हलावा लागतो. अशा जातीतल्या चार माद्या कुणी खिशात घालून नेल्या की त्या टेकडीवर पुढची पिढी कुठून येणार? त्यात खाणी, चराईने उजाड झालेली जमीन, कासवं खाणारे कावळे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ते धोक्यात आलेल्या जातींत आहे ते उगाच नाही. शिवाय रानातून उचललेलं घरच्या कोबी-काकडीला सहसा सरावत नाही.

भारतातलं म्हणाल तर स्टार कासव पाळणंसुद्धा गुन्हा आहे, दुकानदार काहीही सांगो.

हां, युरोपात काही अभ्यासकांनी याची पिल्लं वाढवलीयत हे खरं आहे. पण साडूभाऊ हे वाचतीलच म्हणून सांगतो, त्यांनी रीतसर परवाने काढले होते, शर्टाच्या खिशातून नव्हती नेली.