दुपारी परत येता येईल अशी खोली

प्रश्न : मे महिन्यात चार दिवस मुंबई पाहायला यायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलं १२ आणि ७ वर्षांची, आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. राहण्यासाठी रोज ४,००० रुपयांपर्यंत खर्च झेपेल. मोबाइलवर बघितलं तर स्टेशनजवळ दोन खोल्यांचे सहा-सात हजार होतात. कुणी म्हणतं वाशीला राहा, स्वस्त पडेल. नणंद डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये राहते, ती ‘इकडेच या’ म्हणते. काय करावं?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : ताई, दादरच्या एका लॉजच्या काउंटरवर मी सव्वीस वर्षं बसलो. मे महिन्यात लातूर-नांदेडकडून येणारी मंडळी दुसऱ्या दिवशी दुपारी किती वाजता परत येतात, हे मला पाठ झालं होतं. दीड वाजता. पोरं रडवेली, आजी जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसलेली. तुमच्याकडचं ऊन कडक असलं तरी कोरडं. इथं चाळीस नसतं, पण घामानं माणूस पिळून निघतो. कूलर इथल्या दमट हवेत काही कामाचा नाही. तेव्हा एसीत काटकसर करू नका, आणि खोली अशी घ्या की दुपारी एक ते चार तिथं येऊन आडवं होता येईल.

वाशी इथंच बाद होते. खोलीमागं हजारभर वाचतील, पण वाशीहून सीएसएमटी लोकलनं पाऊण तासाच्या वर. सकाळी निघालात की रात्रीच परत. डोंबिवलीचं तेच, आणि सकाळची डोंबिवली लोकल म्हणजे सासूबाईंना दाखवायची गोष्ट नव्हे.

माझं मत सीएसएमटी, मस्जिद बंदर नाहीतर भायखळा. सकाळी सगळी गर्दी दक्षिणेकडं येते, तेव्हा तुम्ही उलट्या दिशेनं राणीच्या बागेला नाहीतर दादरला जाल. बसायला जागा मिळते. (राणीची बाग बुधवारी बंद, घारापुरी सोमवारी.) गेटवे, म्युझियम, मरीन ड्राइव्ह टॅक्सीच्या अंतरावर. रिक्षा मात्र शोधू नका, वांद्रे आणि शीवच्या अलीकडं त्या येतच नाहीत. काळ्यापिवळ्या टॅक्सीत चार माणसं. धाकट्याला मांडीवर घेऊ देणं टॅक्सीवाल्याच्या मर्जीवर.

आता पैशांचं. दोन खोल्या कशाला? ‘चार बेडची फॅमिली एसी रूम आणि एक जादा गादी’ असं विचारा. मोबाइलवर बहुतेक दोन-दोन माणसांच्याच खोल्या दिसतात, मोठी खोली फोनवर कळते. थेट फोन करा, तोही दुपारी तीनच्या सुमाराला. सकाळी काउंटरवर चेक-आउटची झुंबड असते, धड उत्तर मिळत नाही. भावात घासाघीस करण्याआधी हे विचारा : लिफ्ट आहे का, आणि खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का? संडास कमोडचा आहे का? गादीचे किती? आणि चेक-आउट दुपारी बाराचं की चोवीस तासांचं? तुमची लातूर एक्स्प्रेस सकाळीच उतरवते. बाराच्या हिशेबात दुपारपर्यंत लॉबीत बसाल, नाहीतर जादा दिवस भराल. चोवीस तासांचं असेल तर उतरल्या उतरल्या अंघोळ. अ‍ॅडव्हान्स एका रात्रीचाच द्या आणि बाथरूमचा फोटो मागवा. पलंगाचा फोटो सगळेच देतात. जीएसटी धरून भाव विचारा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. कुणी जुना १२ टक्के लावला तर बिल मागा.

लिफ्टचं आधी का सांगतो? आमच्याकडं एक आजी आल्या होत्या. फोनवर मीच ‘लिफ्ट आहे’ म्हणालो होतो. होती, तिसऱ्या मजल्यापर्यंत, खोली चौथ्यावर. त्या माऊलीनं चार दिवसांत तो एक जिना मोजून सहा वेळा चढला आणि जाताना मला पेढा दिला. पेढा अजून घशात आहे.

रेल्वेच्या रिटायरिंग रूमही बघा. सीएसएमटीला आहेत, तुमच्या कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन बुक होतात. पण ४८ तासांपर्यंतच, आणि मे महिन्यात पटकन जातात. मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीए या महिलांच्या संस्थेचं गेस्ट हाउस आहे. नावावर जाऊ नका, तिथं कुटुंबंही राहतात. तुमच्या आकड्यात बसतं का ते फोन करून बघा. भुलेश्वर, सी. पी. टँकच्या धर्मशाळा स्वस्त, पण काही फक्त समाजातल्यांनाच खोली देतात, जाण्याआधी विचारा. इंडक्शन शेगडी घरीच ठेवा. आमच्याकडं एका खिचडीपायी अख्ख्या मजल्याचा फ्यूज उडाला होता.

राहिली नणंद. तिला नाही म्हणू नका. तीन रात्री लॉज, चौथी तिच्याकडं. एका रात्रीचं भाडं वाचेल, सासूबाई लेकीकडं निवांत पाय पसरतील. लॉज सकाळी नऊनंतर सोडा, त्या वेळी डोंबिवलीकडं जाणारी लोकल रिकामी असते. आणि परतीचं तिकीट काढतानाच बोर्डिंग कल्याण टाका. लातूर एक्स्प्रेस तिथं थांबते, डोंबिवलीहून कल्याण दोनच स्टेशनं. जेवूनखाऊन निघा. डबा तर ती देईलच.