काम थांबवता येतं. ते सुरू करून देता येतं का?

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या एका गावातला, वय 26. रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून तीन वर्षांपासून लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला आहे. यंदा मला सेफ्टी कमिटीत घेतलं. काम आवडतंय, पण ऑपरेटर वयानं मोठे, ‘काय होत नाय रे’ म्हणून उडवून लावतात. काँट्रॅक्टरची माणसं माझ्यासमोर हेल्मेट घालतात, पाठ वळली की काढतात. सेफ्टीतच करिअर करावं असं वाटतं. कुवेतचा मामेभाऊ म्हणतो नेबॉश (ब्रिटिश संस्थेचं सुरक्षेचं प्रमाणपत्र) कर. एका क्लासवाल्यानं सहा महिन्यांचा ‘फायर अँड सेफ्टी’ कोर्स सुचवलाय. शिवाय माझा स्वभाव बुजरा. असा माणूस या कामात पुढं जाईल का?

उत्तर :

बुजरेपणाची काळजी सोडा. प्लँटमध्ये ओरडणाऱ्यांची कमतरता नसते आणि त्यांचं कुणी ऐकतं असंही नाही. तुमचं ऐकलं जात नाही याचं कारण वेगळं आहे. ऑपरेटरच्या नजरेतून बघा. सेफ्टीचा माणूस येतो, ‘थांबा’ म्हणतो आणि निघून जातो. बॅच अडकलेली, वरून फोन चालू, आणि पुढं काय करायचं ते कुणी सांगत नाही. अशा माणसाला टाळण्याकडेच कल होणार. जो काम थांबवतो आणि तेच काम नीट सुरू करून देतो, त्याला पुढच्या वेळी लोक स्वतः बोलावतात. या क्षेत्रातलं नेतृत्व माझ्या मते एवढंच आहे, पण त्यासाठी तपशील हाताशी लागतो.

रिॲक्टरमध्ये, म्हणजे रसायन बनवायच्या मोठ्या भांड्यात, माणूस उतरवायचंच काम घ्या. सिनियर म्हणेल, वीस वर्षं उतरतोय. त्यावर वाद घालू नका. तो खरंच उतरलाय. त्यापेक्षा विचारा, ‘काका, नायट्रोजनच्या लाइनला ब्लाइंड टाकलाय की नुसता व्हॉल्व्ह बंद आहे?’ ब्लाइंड म्हणजे पाइपाचं तोंड पक्कं बंद करणारी धातूची चकती. बंद व्हॉल्व्ह म्हणजे आयसोलेशन, म्हणजे लाइन पूर्ण तोडणं, नव्हे. आतली सीट झिजलेली असली तर त्यातून वायू झिरपतो, आणि नायट्रोजनला ना वास ना रंग. ऑक्सिजन सहा टक्क्यांच्या खाली गेला की दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. म्हणून लाइन सोडवून तिथं ब्लाइंड बसवायचा. ॲजिटेटरचं, म्हणजे आतल्या ढवळणाऱ्या पंख्याचं, फक्त स्टॉप बटण दाबून भागत नाही. एमसीसीत, म्हणजे मोटरांच्या स्विचबोर्डात, सप्लाय बंद करून उतरणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात, आणि मग स्टार्ट दाबून बघायचं की फिरत नाही ना. हे शेवटचं दाबून बघणंच बहुतेक ठिकाणी राहून जातं, आणि चुकीच्या मोटरच्या स्विचला लागलेलं कुलूप तिथंच उघडकीला आलं असतं.

मग गॅस टेस्ट. क्रम महत्त्वाचा : आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वाफ, मग विषारी वायू. ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्क्यांत हवा. वाफ एलईएलच्या (पेट घेऊ शकेल अशा किमान प्रमाणाच्या) 10 टक्क्यांच्या आत, आणि आत वेल्डिंग असेल तर शून्य. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूची मर्यादा 10 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 10 भाग. आधी ऑक्सिजन का? नेहमीच्या मीटरमधला ज्वलनशील वायूचा सेन्सर ऑक्सिजन असला तरच खरं सांगतो. नायट्रोजननं भरलेल्या भांड्यात तो सरळ शून्य दाखवतो आणि सगळे खूश होतात. टेस्ट वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणी घ्या, कारण सॉल्व्हंटच्या वाफा आणि हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतात, तळाला बसतात. नळी सोडल्यावर पंपाला हवा वर ओढायला वेळ द्या. घाईत घेतलेलं रीडिंग वरच्याच हवेचं असतं. आणि मीटर त्या दिवशी बंप टेस्ट केलेला, म्हणजे थोडा वायू देऊन तपासलेला आहे का, ते तुम्ही स्वतः बघा.

ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या, टाकीत आणखी एक फसगत होते. सकाळी रीडिंग स्वच्छ येतं, पण फावडं गाळात घातलं की अडकलेला वायू सुटतो. वासावर विसंबणाऱ्यांना सांगा की हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांचा वास 100 पीपीएमच्या आसपास नाकाला येईनासाच होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणसं आत राहतात. म्हणून मीटर आतल्या माणसाच्या अंगावर सतत चालू हवा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा पूर्ण टेस्ट हवी. आतला दिवा 24 व्होल्टचा. जुन्या कारखाने अधिनियमातही पुरेशी सुरक्षा साधनं असल्याशिवाय त्याहून जास्त व्होल्टेज चालत नसे. बाहेरचा स्टँडबाय माणूस कोणत्याही परिस्थितीत आत उडी मारणार नाही, हे त्याच्याकडून बोलून घ्या. एकाला वाचवायला दुसरा आणि त्याच्यामागे तिसरा, अशीच माणसं गेलेली आहेत. त्याच्या हातात दोर, ट्रायपॉड आणि विंच असली तरच तो काही करू शकतो.

आता ‘सुरू करून देणं’ म्हणजे काय? ऑक्सिजनचं रीडिंग 18.2 टक्के आलं तर ‘नाही’ म्हणून निघून जाऊ नका. ब्लोअर मागवा, डक्टचं तोंड तळापर्यंत सोडा, खालची हवा बाहेर येतेय ना ते बघा, अर्ध्या तासानं आपण पुन्हा टेस्ट घेऊ असं घड्याळ बघून सांगा, आणि त्या वेळेला खरोखर हजर राहा. तोवर शिफ्ट इन्चार्जला फोन करून उशिराचं कारण तुम्हीच सांगा, ऑपरेटरला शिव्या खायला लावू नका. हे चार-पाच वेळा झालं की ‘काय होत नाय’ आपोआप कमी होतं.

हेल्मेटचं उत्तर याहून साधं आहे. मे महिन्यात आपल्याकडच्या दमट उकाड्यात टाळूवरून घाम डोळ्यांत उतरतो, म्हणून ते निघतं. घाम टिपणाऱ्या पट्ट्या बदलून द्या, जमेल तिथं उन्हातलं काम सकाळी सातला घ्या, आणि त्या जागी डोक्यावर खरंच काही पडू शकतं का तेही तपासा. कुठंही, कशालाही हेल्मेट असा फतवा काढला की लोक सगळ्याच नियमांना सारखाच कमी भाव देतात. दंडाची वही हा शेवटचा उपाय आहे. ती आधी निघाली की पहिला बळी जातो ‘थोडक्यात वाचलं’ सांगण्याच्या सवयीचा.

तुमची खरी परीक्षा मिरगाआधी असेल. पाऊस लागायच्या आत शेडचे पत्रे दुरुस्त करायची घाई सगळ्या कारखान्यांत असते. सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. बोल्टच्या रेषेवर पाय ठेवला की खाली पर्लिन (पत्र्याला आधार देणारी आडवी पट्टी) आहे, काही होत नाही, हा जुना समज. पाय जरा सरकला, शेवाळ असलं, की माणूस थेट जमिनीवर. धुळीनं माखलेले पारदर्शक पत्रे तर ओळखूच येत नाहीत. शक्य असेल तिथं खालून मचाण बांधून काम करायला लावा. वर चढणं अटळ असेल तर पर्लिनवर टेकलेल्या, सरकणार नाहीत अशा फळ्या, आणि लाइफलाइन, म्हणजे पडताना धरून ठेवणारा दोर, छपराच्या मुख्य सांगाड्याला (ट्रसला) बांधलेली हवी, पत्र्याच्या हुकाला नव्हे. नुसता सेफ्टी बेल्ट कमरेला लावून हुक मोकळा लोंबत असेल तर तो फोटोपुरता आहे. हे नियोजन एप्रिलच्या कमिटी बैठकीत मांडा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मांडलंत तर अडथळा ठराल.

कमिटीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. भोपाळ दुर्घटना 1984 ची, आणि तिच्यानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांवरचं प्रकरण आलं. व्यवस्थापन आणि कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती त्यातच आली. म्हणजे तुमची खुर्ची शोभेची नाही. पहिल्या बैठकीत मात्र आठवड्यात सुटेल असाच मुद्दा घ्या. आयवॉश, म्हणजे डोळे धुवायचा नळ, बघा : दहा सेकंदांत पोहोचता येतं का, वाटेत ड्रम ठेवलेत का, पंधरा मिनिटं पाणी टिकतं का. उन्हात तापलेल्या उघड्या पाइपातून मेमध्ये चटका देणारं पाणी येतं. डोळ्यात ॲसिड गेलेला माणूस त्याखाली पंधरा सेकंदही थांबणार नाही. पाइप झाकून घ्या, आठवड्यातून एकदा चालवून बघायची नोंद सुरू करा. इतिवृत्तात प्रत्येक मुद्द्यापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहा. ‘संबंधित विभाग’ असं लिहिलेलं काम होत नाही.

आता कोर्स. कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून नेमणुकीला पदवी, अनुभव, औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा आणि कामगारांच्या भाषेचं ज्ञान लागतं. साधारण चौकट अशी : इंजिनिअरिंग पदवीला दोन वर्षं आणि तुमच्यासारख्या रसायनशास्त्राच्या बी.एस्सी.ला पाच वर्षं सुपरवायझरी अनुभव. डिप्लोम्यासाठी महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा एक वर्षाचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी, म्हणजे एडीआयएस, किंवा मुंबईत सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेचा डिप्लोमा बघा. सहा महिन्यांच्या क्लासला एकच प्रश्न विचारा : या प्रमाणपत्रावर कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून नेमणूक होते का, लेखी द्या. उत्तर फिरवाफिरवीचं आलं तर पैसे खिशात ठेवा.

मामेभाऊ चुकत नाहीये. आखातात नेबॉशला मागणी आहे आणि तिकडे जायचं नक्की असेल तर तो उपयोगी पडतो. पण इथल्या नेमणुकीत तो एडीआयएसची जागा घेत नाही. क्रम लावायचा तर आधी एडीआयएस, तिकडची नोकरी दिसू लागली की नेबॉश.

नोकऱ्यांचं चित्र बदलतंय. जुन्या कायद्यात सुरक्षा अधिकाऱ्यासाठी सर्वसाधारण अट 1000 कामगारांची होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या, कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांवरच्या नव्या संहितेत ती 500 वर, आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात 250 वर आली आहे. लोटे, महाड, रोह्याच्या छोट्या युनिटांना हा आकडा तरीही मोठा आहे. तिथं उत्पादनातल्याच एखाद्यावर सेफ्टीची जबाबदारी दिली जाते. आज तुम्ही करताय तेच काम, पदनाम नसलेलं.

म्हणूनच एक काम या महिन्यात करा. तुमच्या नियुक्तीपत्रावर ‘ट्रेनी’ किंवा ‘केमिस्ट’ एवढंच असेल तर तीन वर्षांचा अनुभव सुपरवायझरी म्हणून धरला जाईलच असं नाही. एचआरकडून तुमच्या हाताखाली किती माणसं, कोणता विभाग, कोणत्या तारखेपासून, हे लिहिलेलं पत्र घ्या. कमिटीवरच्या नेमणुकीचं पत्र आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र त्याच फायलीत ठेवा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं नसेल तर सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉसकडे चौकशी करा. एडीआयएसच्या प्रवेशाच्या वेळी धावपळ करत बसण्यापेक्षा हे आत्ता मागणं सोपं आहे, कारण आत्ता तुमचा साहेब तुमच्या शिफ्टवर अवलंबून आहे.