बॅडमिंटनमधून टेनिसकडे आलोय. फोरहँडला जोर यावा म्हणून मनगट कसं मजबूत करू?

मनगट सोडा. तुम्ही लिहिलंय की फोरहँड एकतर नेटमध्ये जातो, नाहीतर थेट मागच्या जाळीला लागतो, आणि क्लबातले लोक 'मनगट कमी पडतंय' म्हणतात. हे वाक्य आमच्या घरात मी इतकी वर्षं ऐकतेय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

माझा मोठा भाऊ जिल्हा पातळीवर बॅडमिंटन खेळायचा. माझ्या हातात टेनिसची रॅकेट त्यानेच दिली आणि पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावला, "मनगट मार, मनगट!" अहो, शटल असतं पाच ग्रॅमचं. टेनिसचा चेंडू 56 ते 59 ग्रॅम, आणि रॅकेट तारांसकट तीनशेच्या पुढे. चेंडू तारांवर टेकतो तो जेमतेम 5 मिलिसेकंद. तेवढ्यात मनगटाचा झटका नेमका बसायचा म्हणजे लॉटरीच. लागली तर लाइनवर, नाही लागली तर जाळीत. तुमचं हेच चाललंय.

2018 च्या जानेवारीत चेन्नईची एटीपी स्पर्धा पुण्यात आली, तेव्हा आम्ही दोघं बालेवाडीला फायनल बघायला गेलो. जिल सिमॉन विरुद्ध केव्हिन अँडरसन. अँडरसन 6 फूट 8 इंच, आणि सिमॉन त्याच्यासमोर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या होस्टेलच्या पोरासारखा दिसत होता. दादा म्हणाला, "हा काय टिकतोय!" मी म्हटलं, "दादा, आज चेंडू बघू नकोस. दोघांचा डावा हात बघ." समोरच्याचा फटका निघाला रे निघाला की डावा हात रॅकेटच्या गळ्यावर, आणि खांदे पूर्ण वळेपर्यंत तो सुटत नाही. सुटला की साइडलाइनच्या दिशेने आडवा. मग पाय जमिनीला रेटतो, कंबर उलगडते, तिच्यामागून खांदा येतो, आणि हात सगळ्यात शेवटी. हात नुसता ओढला जातो. सिमॉन 7-6, 6-2 जिंकला. दादाने अख्खी मॅच चेंडू बघितला आणि पार्किंगमध्ये मला म्हणतो, "बघितलंस ना? शेवटी मनगट फिरलंच की!"

फिरतं, पण कधी ते बघा. रॅकेट पुढे यायला लागली की तिचं तोंड मागे राहतं, त्यामुळे मनगट आपोआप मागे मोडतं आणि तसंच मोडलेलं चेंडूपर्यंत येतं. चेंडू भेटतो शरीराच्या बराच पुढे. रॅकेट खालून वर जात असते, त्यातून टॉपस्पिन मिळतो, म्हणजे चेंडू पुढच्या बाजूला गरगरत जातो आणि लवकर खाली येतो. दंड आणि कोपरापुढचा हात फिरल्यामुळे रॅकेट काचेवरच्या वायपरसारखी वळते, आणि दादाला दिसतं ते हे, चेंडू निघून गेल्यानंतरचं.

ग्रिपचं विचारलंय. सेमी-वेस्टर्न घ्या, म्हणजे तळवा मुठीच्या थोडा खालून, विषय संपला. फेडररची ग्रिप ईस्टर्नच्या (मुठीशी हस्तांदोलन केल्यासारखी) जवळची, नदालची सेमी-वेस्टर्न, तरी दोघांचाही हात फटक्याच्या क्षणी सरळ. जोकोविचची ग्रिप आणखी खालून आणि कोपर वाकलेलं. स्टेफी ग्राफ तर रॅकेट इतक्या उशिरा पुढे आणायची की आजचा कोच तिला ओरडला असता. पण तिचे पाय बघा, चेंडूपाशी ती कायम आधीच पोचलेली. एकेरीची 22 ग्रँडस्लॅम काही मनगटावर येत नाहीत.

दादाचा हुकमी एक्का म्हणजे अर्जेंटिनाचा डेल पोत्रो, जोरदार फोरहँडवाला. "त्याने मनगट वापरलं म्हणूनच ते गेलं ना?" अहो, तो फोरहँड मारायचा उजव्या हाताने, आणि तीन शस्त्रक्रिया झाल्या त्या डाव्या मनगटावर. त्यानंतर त्याला दोन हातांचा बॅकहँड धड मारता येईना, बराचसा स्लाइसवर (एका हाताने चेंडू खालून कापून मारलेल्या फटक्यावर) भागवायचा. तरीही 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्याने पहिल्याच फेरीत जोकोविचला आणि सेमीत नदालला घरी पाठवलं, मुख्यतः त्याच फोरहँडवर. (उजव्या मनगटावरही 2010 मध्ये एक झाली होती. दादा खाली कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून मीच सांगून टाकते.)

तुम्ही काय करायचं? महिनाभर जोर विसरा. डावा हात रॅकेटच्या गळ्यावरून लवकर सोडायचा नाही, एवढंच. सर्व्हिस बॉक्सच्या रेषेवर उभं राहून हळू मारा, समोरच्याला हसू आलं तरी चालेल. कोणी कडेने 'मनगट' म्हणून ओरडलं तर त्याला विचारा, तुझं कोपर कसं आहे? आमचे बंधू हल्ली कोपराला पट्टा बांधून खेळतात आणि दोष रॅकेटच्या वजनाला देतात.

रॅकेट बदलू नका. तारा पॉलिस्टरच्या असतील तर मात्र काढून मऊ घाला, आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याला त्या हव्यात कशाला? आणि हो, मी कोच नाही, क्लबातली खेळाडू आहे. पकड सैल ठेवूनही कोपर दुखत असेल तर आधी ऑर्थोपेडिककडे जा. मनगटाचे व्यायाम दुखापत टाळायला खुशाल करा, त्याला ना नाही. डावखुरे असाल तर वर जिथे डावा लिहिलंय तिथे उजवा वाचा. डेल पोत्रोचा परिच्छेद सोडून.