लग्न झालं, पार्ट टू ऑर्डर निघाली नाही

‘नवरा फौजेत आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, मूलही झालं, पण माझं नाव अजून त्यांच्या रेकॉर्डला लागलेलं नाही. विषय काढला की सासू म्हणते, हिचा पेन्शनीवर डोळा आहे. मी काय करू?’

गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड, शिरोळातली सैनिक टाकळी. कोल्हापूर जिल्ह्यात फौजींची घरं कमी नाहीत, आणि समुपदेशनाला येणाऱ्या त्यांच्या बायकांकडून हा प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा ऐकू येतो. इथं एका घराची हकीकत दिली आहे. ओळख पटू नये म्हणून घराचे तपशील बदलले आहेत, कागदांचे आणि नियमांचे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत.

ती चोवीस वर्षांची, कडेवर आठ महिन्यांची मुलगी. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत नायक, पोस्टिंग उत्तरेत फील्डला. तक्रार झोपेची होती. नवऱ्याचा फोन दोन दिवस आला नाही की छातीत धडधडतं, रात्री दोनला जाग येते, मग सकाळपर्यंत डोळा लागत नाही. घरात बोलायची सोय नाही, कारण ‘त्याला काही झालं तर’ हे शब्द उच्चारणंच अभद्र. दुसऱ्या भेटीत ती म्हणाली, “मला पैसा नको. मला एवढंच कळू दे, कागदावर मी ह्यांची बायको हाय का नाही.”

या वाक्यावर धीराचे दोन शब्द बोलून पुढं जाणं चुकीचं ठरलं असतं. तिची भीती खरी होती आणि तिचं उत्तर कागदात होतं. म्हणून विचारलं ते एवढंच, की लग्नाची नोंद कुठं कुठं झाली आहे? तिच्याकडे लग्नपत्रिका आणि फोटोंचा अल्बम होता. ग्रामपंचायतीत नोंद नव्हती. आधार कार्डावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं, ते नाव मुलीच्या जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात आलं होतं. नवऱ्यानं युनिटच्या क्लार्कला सांगताना घरात हाक मारतात ते तिसरंच नाव सांगितलं होतं. एका बाईची तीन नावं, आणि फौजेच्या लेखी तिघीही अनोळखी.

जवानाच्या घरात लग्न, जन्म, मृत्यू, घटस्फोट असं काही घडलं की युनिट त्याची ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतं आणि ती रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. तिथं ती नोंद लागेपर्यंत जवान कागदोपत्री अविवाहित राहतो. बायकोचं डिपेंडंट कार्ड होत नाही, मिलिटरी हॉस्पिटलात ती त्याची कुटुंबीय म्हणून उभी राहू शकत नाही, फॅमिली क्वार्टरसाठी अर्ज पुढं सरकत नाही. मुलीच्या जन्माची ऑर्डरही अडते, कारण आईची नोंदच नाही. वरून छोटं दिसणारं हे एक काम राहिलं की त्याच्यामागची सगळी कामं थांबतात.

मग दोन वर्षं ते राहिलं का? सासूनं अडवलं असं सुनेला वाटत होतं. प्रत्यक्षात अडवलं होतं सुट्टीनं. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस किरकोळ रजा, असा हिशेब आहे. पण रजा हा हक्क धरला जात नाही. युनिटमध्ये माणसं किती आहेत, तैनाती कुठं आहे, यावर ती मिळते, तुटते, पुढं ढकलली जाते. लग्नाच्या महिनाभराच्या सुट्टीत हळद, लग्न, जागरण-गोंधळ, जोतिबा, कुलदैवत, पाहुण्यांकडची जेवणं झाली. गावात विवाह नोंदणीचं काम ग्रामसेवकाकडे असतं. १९९८ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर ९० दिवसांत ‘नमुना ड’ भरायचा, सोबत तीन साक्षीदार. ‘पुढच्या सुट्टीत बघू’ असं ठरलं. पुढची सुट्टी आली तेव्हा बायको बाळंतपणाला माहेरी होती. त्यानंतर त्याची बदली झाली आणि जुन्या युनिटमध्ये दिलेला अर्ज तिथंच राहिला. कुणाच्याही मनात खोट नव्हती, तरी दोन वर्षांत सून ‘पैशाच्या मागं लागलेली’ झाली आणि सासू ‘अडवणारी’. फौजी घरातली कितीतरी भांडणं अशी सुट्टीच्या कॅलेंडरातून जन्मतात आणि माणसांच्या स्वभावावर ढकलली जातात, हे वारंवार दिसतं.

तिसऱ्या वेळी सासूबाई स्वतः आल्या. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलता मुलगा. बसल्या बसल्या म्हणाल्या, “माझ्या जित्तेपणी पोराच्या मरणाचा हिशेब मांडलाय हिनं.”

याला लगेच नियमांनी उत्तर दिलं तर माणूस उठून जातो. आधी त्यांच्या गोळ्यांची चौकशी झाली. रक्तदाब, साखर, गुडघे. महिन्याचा औषधांचा खर्च मुलाच्या पगारातून, आणि सून घरखर्च बघायला लागल्यापासून तो मागून घ्यावा लागतो. मुलाचं काही बरंवाईट झालं तर सगळं सुनेच्या हाती जाईल, ती माहेरी निघून जाईल आणि गोळ्यांचे पैसे कुणाकडे मागायचे? हा त्यांचा प्रश्न. तो लालसेचा नव्हता. तिच्यासारखाच तोही कागदात सुटणारा होता.

एका कोऱ्या कागदावर मग मुलाच्या नावावरच्या पैशांचे वेगवेगळे कप्पे काढले. पेन्शन, विमा, फंड, बँक, जमीन हे सगळं एकच गाठोडं आहे आणि ज्याचं नाव ‘नॉमिनी’ त्याला ते मिळतं, असा बहुतेक घरांचा समज असतो. भांडणाचं मूळ तिथंच असतं.

साधं कुटुंब निवृत्तिवेतन नियमानं ठरतं, जवानाच्या मर्जीनं नाही. पत्नी हयात असेल तर ते तिला. पत्नी आणि पात्र मुलं नसतील तर अवलंबून असलेल्या आईवडिलांना. मृत्युपत्रात काहीही लिहिलं तरी हे बदलत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ता नाही, ते मृत्युपत्रानं देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. किती मिळतं, तेही सासूबाईंना आकड्यांत दाखवलं. गणनेला धरायचा शेवटचा पगार ४०,००० रुपये समजा. सेवेत असताना सेवेशी संबंध नसलेल्या कारणानं मृत्यू झाला तर पहिली १० वर्षं निम्मा, म्हणजे २०,०००, आणि नंतर ३० टक्के, म्हणजे १२,०००. सेवेशी संबंधित कारण असेल तर ६० टक्के, २४,०००. लढाईत किंवा तशा कारवाईत गेला तर पूर्ण ४०,०००. वर महागाई भत्ता. हे वाचताना सुनेनं मान खाली घातली होती आणि सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. तरीही आकडे पूर्ण वाचले, कारण अर्धवट माहितीवरच दोघी दोन वर्षं भांडत होत्या.

दुसरा कप्पा आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा. इथं मात्र जवानानं लिहून दिलेलं नामनिर्देशन चालतं आणि वाटा टक्केवारीत लिहिता येतो. बायकोला इतका, आईला इतका. या घरापुरता खरा निर्णय या एका फॉर्मचा होता. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर आईचं नाव शंभर टक्के होतं. लग्नानंतर तो बदलायचा राहिला होता, आणि आईला वाटत होतं की बदलला म्हणजे आपलं नाव खोडलंच. ‘दोघींची नावं एकाच फॉर्मवर बसतात’ हे ऐकल्यावर त्यांनी तो कागद स्वतःकडे ओढून घेतला.

भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचं नामनिर्देशन वेगळं असतं, त्यांचे फॉर्म वेगळे तपासावे लागतात. गावची जमीन त्याहून वेगळी. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर आई, पत्नी आणि मुलं हे पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांना सारखा वाटा. वडील त्या वर्गात येत नाहीत, आई येते. सासूबाईंना हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आणि त्यांच्या गोळ्यांचं काय? सेवेतल्या जवानाच्या अवलंबित आईवर मिलिटरी हॉस्पिटलात उपचार होऊ शकतात, पण त्यासाठी आईचं नावही अवलंबित म्हणून रेकॉर्डला लागावं लागतं. उत्पन्नाची अट आहे, महिना ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता. या घराला जवळचं मिलिटरी हॉस्पिटल बेळगावचं. ईसीएचएस ही निवृत्त फौजींची उपचाराची योजना असते, सेवेतल्या मुलाच्या आईनं त्या कार्डाची वाट बघत बसू नये. म्हणजे जो अर्ज सुनेचा, त्याच्याच शेजारी सासूचाही अर्ज. त्या दिवशी दोघी एकाच रिक्षानं स्टँडवर गेल्या.

नवऱ्याशी बोलताना एक पथ्य पाळायला सांगितलं. फील्डमधून येणाऱ्या दहा मिनिटांच्या फोनवर पेन्शनचा शब्द काढायचा नाही. ‘क्वार्टर मिळायला माझं नाव लागायला हवं, सुट्टीत करून टाकू’ एवढंच म्हणायचं. काम तेच होतं, मरणाचा विषय निघत नाही, आणि तिकडे पोस्टवर उभा असलेला माणूस रात्रभर घराचा विचार करत राहत नाही. त्याच्या ओळखपत्राचे किंवा युनिटच्या कागदांचे फोटोही व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायचे नाहीत.

तो २८ दिवसांच्या सुट्टीवर यायच्या आधीच तिनं लग्नपत्रिका, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो आणि तीन साक्षीदारांची आधार कार्डं गोळा करून ठेवली. पहिल्याच आठवड्यात ग्रामसेवकाकडे नोंदणी झाली, उशिराचं शुल्क भरावं लागलं. मग त्या विवाह प्रमाणपत्रावर आधारचं नाव बदललं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रमाणपत्र, मग आधार, मग बँक आणि पॅन, आणि सगळीकडे एकच नाव. सासरचं ठेवायचं की माहेरचं हे बाईनं ठरवावं, दोन्ही चालतात. अर्धं इकडचं अर्धं तिकडचं मात्र चालत नाही. तीन नावं एकाच बाईची आहेत, असं प्रतिज्ञापत्र केलं. दोघांचा एकत्र फोटो आणि एकत्र बँक खातं हेही त्याच सुट्टीत झालं, कारण पुढं पेन्शनच्या ‘स्पर्श’ प्रणालीत हीच माहिती जुळावी लागते.

तो परत गेल्यावर युनिटनं ऑर्डर काढली आणि ती ऑब्झर्वेशन, म्हणजे हरकत, लागून परत आली. आडनाव ‘पाटील’. त्याच्या शीट रोलवर, म्हणजे फौजेतल्या त्याच्या नोंदीच्या कागदावर, इंग्रजीत ‘आय’, तिच्या नव्या आधारवर ‘डबल ई’. एवढ्यावर अडलं. असं झालं की घरात पुन्हा ‘बघ, होतच नाही’ सुरू होतं, म्हणून ही शक्यता आधीच सांगून ठेवली होती. शीट रोलवरचं स्पेलिंग बदलणं लांबचं काम, तेव्हा आधारच दुरुस्त केलं. दुसऱ्या खेपेला नोंद लागली. ऑर्डर निघाली की तिची प्रत मागून घरी ठेवायची, क्लार्कच्या ‘झालं’ या शब्दावर थांबायचं नाही, हे त्याला स्वच्छ सांगावं लागलं.

कोल्हापुरातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय फक्त माजी सैनिकांचं, असं समजून सेवेतल्या जवानांच्या बायका तिकडे फिरकत नाहीत. जायला हवं. पार्ट टू ऑर्डर मात्र युनिटच काढतं, ती तिथून निघत नाही. आणि घरात अग्निवीर असेल तर वरचा पेन्शनचा हिशेब लागू नाही. चार वर्षांच्या सेवेत पेन्शन नाही, ४८ लाखांचं विमा संरक्षण आहे, त्यामुळे तिथं नामनिर्देशनाचा फॉर्म कितीतरी जास्त जपून भरावा लागतो.

सून आता रात्री झोपते. फोन आला नाही की धडधडतं अजून, पण पहाटेपर्यंत जागी राहत नाही. विम्याच्या फॉर्मवर नवऱ्यानं दोघींची नावं घातली, टक्के किती ते तिनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. अडलं आहे ते सासूबाईंचं काम. मुलाच्या भरतीच्या कागदावर त्यांचं जन्मवर्ष अंदाजानं लिहिलेलं, आधारवर १ जून आणि वेगळंच वर्ष. शाळेचा दाखला मिळणार नाही, कारण त्या शाळेत गेल्याच नाहीत. ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्म-मृत्यू रजिस्टरात नोंद सापडते का ते बघायला पुढच्या सोमवारी त्यांच्या माहेरी, आजऱ्याकडे, सूनच जाणार आहे.