स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला?

प्रश्न: ताई, मुलगी बारावी सायन्स झालीये, तिला फूड अँड न्यूट्रिशन मॅनेजमेंट करायचंय, घरी सगळे म्हणतात स्वयंपाकच शिकायचा तर फी कशाला भरायची? – एक आई, धायरी

उत्तर: अहो, पोळ्या लाटायचा कोर्स नाहीये तो! बायोकेमिस्ट्री असते, डायबेटिस-किडनीच्या पेशंटचं डाएट असतं, शिवाय 500 माणसांच्या कँटीनला तांदूळ किती लागणार, गरम जेवण 60 डिग्रीच्या वर का ठेवायचं, हे सगळं येतं. पुण्यात कर्वे रोडला एसएनडीटी कॉलेजात होम सायन्स आहे, जाऊन बघा. हॉस्पिटलात डाएटिशियन व्हायचं तर मात्र नुसत्या बीएससीवर भागत नाही, पुढे एमएससी किंवा पीजी डिप्लोमा, 6 महिने इंटर्नशिप, मग आरडीची, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा. कँटीनकडे वळायचं असेल तर पहाटेची शिफ्ट जमेल का ते लेकीलाच विचारा.